जानेफळ ते वरवट बकाल: बोलणारा डबा आणि पडदा

शनिवार, १७ डिसेंबर. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. जानेफळच्या स्टँडवर मी पिशवी तिसऱ्यांदा उघडून तपासत होतो. डबा, कीबोर्ड, हेडफोन, छोटा स्पीकर, पॉवर बँक, दोन मेमरी कार्डे (एक बिघडले तर दुसरे) आणि टीव्हीला जोडायची वायर.

"किती खेप पाह्यशीन बे? त्याले काय पाय फुटले?" शेजारी उभे असलेले सुरेशभाऊ म्हणाले. त्यांना दिसत नाही, पण चेनचा आवाज ते मोजत असतात.

सुरेशभाऊ जन्मापासून अंध आहेत. अंधशाळेत दहावीपर्यंत शिकले आणि तेव्हापासून भावाच्या घरी राहतात. मी आयटीआय अर्ध्यात सोडलेला, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. मागच्या वर्षी एका गिऱ्हाईकाने साबणाच्या वडीएवढा एक बोर्ड दुकानात विकला. आख्खा कॉम्प्युटर एवढ्याशा जागेत. पडदा नाही, कीबोर्ड नाही, सगळा कारभार मेमरी कार्डावर. टाइप केलेले वाचून दाखवणारा प्रोग्राम फुकट मिळतो. तो घातला की अंध माणसाचा कॉम्प्युटर तयार, असे मला वाटले होते.

तसे नव्हते. वीज दिल्यावर तो बोर्ड मिनिटभर मुका असतो. आपल्याला पडद्यावर अक्षरे धावताना दिसतात. सुरेशभाऊंना काहीच कळत नसे. बंद पडला असे समजून ते वायर उपटत आणि कार्ड खराब होई. तीन कार्डे गेली. मग मी बोर्ड एका डब्यात बसवला आणि असे केले की, वीज आली की टिक टिक सुरू व्हावे आणि तयार झाल्यावर त्याने म्हणावे, "झालो सुरू." हे शब्द सुरेशभाऊंचेच. आवाजाचा वेगही त्यांनी इतका वाढवून घेतला की मला एक शब्द कळत नाही. "हळू बोलणाऱ्याची मले झोप येते," असे त्यांचे म्हणणे. वर्षभर ते त्यावर बातम्या ऐकतात, लिहितात, भावाच्या पोरांचे निबंध तपासतात.

वरवट बकालला एका संस्थेचा अपंगांना साहित्यवाटपाचा कार्यक्रम होता. तिथल्या सरांनी फोनवर सांगितले होते, पाहुण्यांना पसंत पडले तर असे पंधरा डबे घेऊ आणि शिकवायला सुरेशभाऊंनाच ठेवू. राहायला खोली आणि महिन्याला पगार. या फोनपासून सुरेशभाऊंनी दाढी रोज करायला सुरुवात केली होती.

"भाऊ काही म्हणत नाही मले," ते गाडीत म्हणाले. "पण दुसरा चहा मागाचा म्हटलं का मी आधी वहिनीच्या भांड्यायचा आवाज ऐकतो. कशी आदळून राह्यली त्याच्यावरून ठरवतो."

खामगाव गाडी वेळेवर लागली होती. कुणाला हा प्रवास करायचा असेल तर पहिलीच गाडी धरा, नंतर शाळेच्या पोरांची गर्दी होते. कंडक्टरने सुरेशभाऊंचा सवलतीचा पास माझ्याकडे मागितला आणि मलाच विचारले, "यायले कुठं उतराचं?"

"मले विचारा ना मास्तर," सुरेशभाऊ म्हणाले. "तोंड हाये मले."

कंडक्टर हसला, पण पास त्याने परत माझ्याच हातात दिला.

घाट उतरला की हवा बदलते. वर थंडी होती, खाली खामगावला मी स्वेटर काढला. स्टँडवर चहा आणि पोहे, दोघांचे ऐंशी रुपये, पोहे गार. तिथून शेगावची गाडी लगेच मिळते. शेगावला कचोरी खाल्ली. ती गरम असेल तरच घ्या. पुढे वरवटचा रस्ता सपाट आहे. दोन्हीकडे काळे रान, वेचणीला आलेला कापूस आणि कापसाच्या ट्रॅक्टरमागे रखडणारी गाडी. पाणी शेगावातूनच भरून घ्यावे. हा खारपाणपट्टा आहे. बोअरच्या पाण्याचा चहा मी एक घोट घेऊन ठेवून दिला.

सुरेशभाऊ वाटभर डबा मांडीवर घेऊन, हेडफोन लावून लिहीत होते. मागच्या सीटवरची बाई शेजारणीला म्हणाली, "बिचारा, बटनं दाबून राह्यला नुसता." ते पंधरा जणांना पहिल्या दिवशी काय शिकवायचे ते लिहीत होते.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. तीनचाकी सायकली रांगेत उभ्या. अंध मंडळी तिसऱ्या रांगेत बसवली होती. आमची पाळी येईपर्यंत दोन वाजले. सुरेशभाऊ मंचावर खुर्चीत बसले, मी स्पीकर जोडला, माइक त्याच्याजवळ धरला. टिक टिक टिक. "झालो सुरू."

तिसऱ्या रांगेतले एक म्हातारबा ताठ बसले. "कोण बोललं ते?"

सुरेशभाऊंनी लिहायला सुरुवात केली. डबा बोलू लागला. रांगेतल्या दोन पोरी कान देऊन पुढे सरकल्या. तेवढ्यात मुख्य पाहुणे माझ्याकडे झुकले.

"याचा पडदा कुठाय?"

"याले पडदा लागत नाही साहेब. हे ऐकाचं हाये."

"मंग आमाले कसं समजीन, चालू हाये का बंद?"

"बोलते ना ते."

"काय बोलते? फडफड फडफड." त्यांनी सरांकडे पाहिले. "फोटोत काय दिसीन? नुसता डबा?"

सरांनी वर्गातला मोठा टीव्ही आणायला सांगितला. वायर आहे का, असे मला विचारले. नाही म्हणता आले असते. वायर पिशवीत होती आणि मी ती काढून दिली.

टीव्हीची वायर लावून डबा सुरू केला की त्याचा आवाज टीव्हीकडे जातो, स्पीकरकडे येत नाही, हे मला माहीत होते. टीव्हीतून ऐकू येईल असे धरून मी डबा बंद केला, वायर लावली आणि पुन्हा सुरू केला. पण वर्गात पोरे दंगा करतात म्हणून त्या टीव्हीचा आवाज बंदच ठेवलेला असे आणि रिमोट हेडमास्तरांच्या घरी होता. बदल करायचा तर डबा पुन्हा बंद करून सुरू करावा लागला असता. सर म्हणाले, "राहू द्या, दिसून राह्यलं ना सगळं."

सुरेशभाऊ बोटे कीबोर्डवर ठेवून टिक टिकची वाट पाहत होते. टीव्हीवर सगळे उघडून झाले होते.

"सुरू झालं का?" त्यांनी हळूच विचारले.

"झालं भाऊ."

"मंग बोलत काऊन नाही?"

माइकवर निवेदक म्हणाला, "आता आपले सुरेशभाऊ लिहून दाखवतील." फोटोवाला पुढे आला. सुरेशभाऊंनी थोडा वेळ घेतला आणि लिहिले. टीव्हीवर मोठी अक्षरे उमटली: मला काही ऐकू येत नाही. पडदा काढा.

मांडवात टाळ्या पडल्या.

"पाहा, एक चूक नाही," पाहुणे शेजारच्याला म्हणाले. "शुद्ध लिहिते हो."

तिसऱ्या रांगेत म्हातारबा विचारत होते, "आवाज काऊन बंद झाला?" कोणीतरी त्यांना सांगितले, "टीव्हीवर दिसून राह्यलं बाबा." मी मंचावरच उभा होतो. वायर माझ्या हातापासून वीतभर होती. मी ती उपटली नाही. पाहुण्यांसमोर मला ते सुचले नाही असे नाही, जमले नाही.

जेवणात पुरी, वांग्याची भाजी आणि बुंदी होती. जेवताना सर आनंदाची बातमी घेऊन आले. पंधरा डबे मंजूर, प्रत्येकाला पडदा लावून. शिकवायला मात्र शाळेचे कॉम्प्युटर सर.

"पोरायनं काय चुकवलं ते पडद्यावर पाह्यले कोणी पाह्यजे ना," सर म्हणाले. "आंधळ्याले आंधळा कसा शिकवीन?"

"मी शिकलोच तसा," सुरेशभाऊ म्हणाले.

"तुमी उद्‌घाटनाले या. तुमचा सत्कार करू. अन हा डबा ठेवून जा, नमुना म्हणून."

मी म्हणालो, तो त्यांचा स्वतःचा आहे. सुरेशभाऊंनी मला थांबवले. डबा त्यांनी दोन्ही हातांनी चाचपला, कार्ड काढायला बोट नेले, मग तसेच राहू दिले. "ठेवा," म्हणाले.

परतीचा प्रवास खामगावपर्यंत उभ्याने झाला. जागा मिळाल्यावर त्यांनी विचारले, "वायर काऊन नेली होती तू?"

"लागली तर, म्हणून."

"लागली."

जानेफळला पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. मी त्यांना घरापर्यंत सोडले. वहिनी दारातच होत्या. "झालं का काम? अन तुमचा डबा कुठाय?"

"ठेवला तिथंच," सुरेशभाऊ चपला काढत म्हणाले. "लोकायनं टाळ्या वाजवल्या."

वहिनींनी न विचारता चहा ठेवला. तो प्यायला मी थांबलो नाही.

जाणाऱ्यांसाठी हिशेब: माझे तिकीट जाऊन-येऊन तीनशे साठ, सुरेशभाऊंचे सवलतीने नव्वद, चहा-पोहे-कचोरी एकशे चाळीस, पाणी वीस. एकूण सहाशे दहा. सुरेशभाऊंनी आपला वाटा गाडीतच दिला. येणे: संस्थेकडून प्रवासखर्च आणि तो डबा. दोन्हींसाठी फोन केला. सर म्हणाले, डबा कपाटात सुरक्षित आहे. देणे: नव्या बोर्डासाठी दुकानमालकाकडून घेतलेली उचल, साडेतीन हजार. या बोर्डाचे टीव्हीच्या वायरीचे भोक मी एम-सीलने बुजवले आहे.