मधुकरचं तारण

जोसेफ सर बाप्तिस्मा शिकवायचे तो नारळावर. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात टेबलावर सोललेला नारळ, म्हणजे माणसाचं डोकं, आणि पाण्याचा पेला. माणूस मरणाच्या दारात असेल आणि फादर पोचत नसतील, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. म्हणून तो प्रत्येकाला आलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. "शिंपडून काहून राहिली वं? कुंडी आहे का ते? पाणी वाहिलं पाहिजे!" लगेच दुसरा नियम : "मोठ्या माणसाले आधी विचारायचं. त्याच्या मर्जीशिवाय ते नुसतं डोकं धुणं."

मी त्याच वर्गातली. पुढे आमच्या चर्चकडून आजाऱ्यांना द्यायच्या भेटींचं वेळापत्रक माझ्याकडे आलं, तेव्हा अवघड घरांपुढे मी सरांचं नाव लिहू लागले. वेळेवर जाणारा आणि तिथे न रडणारा माणूस.

त्यांचे जिवलग मधुकरकाका. प्रताप नगरातले शेजारी, बौद्ध. संध्याकाळी सरांच्या व्हरांड्यात चहा आणि भांडण ठरलेलं. सर म्हणायचे, "येशूशिवाय तारण नाही, मधुकर. मी सांगून राहिलो, अन् तू बिस्किटं खाऊन राहिला." काका हसायचे. "माझ्या बापानं उभं राहून, समजून धम्म घेतला. तू मले झोपवून तुझा धर्म देशील का गा?"

काका खरोखरच झोपले. यकृताचा कर्करोग. त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर तरुण फादरांनी सरांना समजावलं, "ज्याला स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त कळला नाही, पण जो सचोटीने जगला, त्याचंही तारण होऊ शकतं. चर्चची हीच शिकवण आहे, सर."

"ज्याले कळला नाही, त्याचं!" सरांचा आवाज चिरकला. "मधुकरले मी रोज सांगितलं, फादर. त्याची तेवढी एक सवलत होती, ती मीच घालवली."

फादर काही बोलणार, तोवर सर पायऱ्या उतरले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत इस्पितळात गेले. काकांची मुलगी औषध आणायला खाली गेली. काकांचे डोळे मिटलेले, श्वास अडखळत. सरांनी उशाशी ठेवलेला पेला उचलला. मी दाराकडे पाहिलं. कोणी आलं असतं तर आमच्या भेटी कायमच्या बंद झाल्या असत्या, आणि त्या लेकीला आम्ही काय तोंड दाखवणार होतो?

"सर, आधी विचारा."

"विचारलं तर नाही म्हणंल."

"तुम्हीच शिकवलंय."

पेला काकांच्या कपाळावर कलला होता. बाहेर लिफ्टचं दार वाजलं. सर वाकले. "मधुकर, पाणी टाकू का गा? बाप्तिस्म्याचं."

काकांनी डोळे उघडले. "नाही गा," ते म्हणाले. "तू बस."

सरांनी पेला खाली ठेवला. मुलगी आत आली तेव्हा ते काकांचा हात धरून बसले होते. पहाटे काका गेले.

अंत्यविधीला सर भन्तेजींचं वंदन संपेपर्यंत हात जोडून उभे होते. परतताना आम्ही दोघं ऑटोत होतो. प्रताप नगरचा चौक आला तेव्हा माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"तो नाही म्हणाला, मार्था. पण कोणाले म्हणाला वं? देवाले, का मले?"