शेजारणीचे पाहुणे

आमच्या चारकोपच्या सोसायटीत माझ्या समोरच्या दारातली शेजारीण घरी मालवणी मसाला करून विकते. वेबसाइटसुद्धा मोबाइलवर बघून बघून स्वतःच बनवली. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की म्हणते, “मावशी, काल साठ जण येऊन गेले!” जसे काही घरी पाहुणेच आले.

“आले नि गेले. घेतला कोणी?” मी म्हणते.

“घेतील ना. आधी येऊ तर देत.”

मागच्या महिन्यात ऑर्डरी अगदीच थांबल्या, तेव्हा तिने काय करावं? मिरच्यांपासून दगडफुलापर्यंत मसाल्याचं सगळं प्रमाण वेबसाइटवर लिहून टाकलं! आमच्याकडे प्रमाण म्हणजे तिजोरी. मी ओरडलेच, “वाट लागली गं तुझी! आता विकत कोण घेईल?”

मिरच्यांची देठं खुडता खुडता ती हसली. “मावशी, एकेक जिन्नस भाजताना ठसका लागला, की आठवेन मी.”

आणि खरंच, आधी वाचायला गर्दी झाली, आता कुरिअरवाला रोज तिच्या दाराशी असतो.

सासूबाईंच्या मसाल्याचं प्रमाण मी सुनेलासुद्धा सांगितलेलं नाही. काल मात्र समोरच्या दाराची बेल वाजवली. म्हटलं, “घे, लिही. हेही वाढ तुझ्या पाहुण्यांना.”