सहावी खुर्ची

डोंगरातल्या ऐन हजल गावची वदाद सहा वर्षं दर गुरुवारी राजधानीला, बैरूतला जात होती आणि दर गुरुवारी हात हलवत परत येत होती. गावाने आता चौकशी करणंही सोडलं होतं. बुधवारी शिवणयंत्र झाकायचं, सकाळी झातरचा मसाला लावलेली मन्कूशा रोटी रुमालात बांधायची, भाड्याच्या गाडीत पाच जणांत सहावं कोंबून बसायचं आणि घाट उतरायचा. पन्नाशी उलटलेल्या बाईने हे हौसेने थोडंच केलं असतं? घरात धाकटा भाऊ होता, नईम, आणि त्याला श्वास पुरत नव्हता.

नईमने तेवीस वर्षं खाणीत दगड कापला. तो दगड राजधानीतल्या बंगल्यांना लागला आणि त्याची धूळ नईमच्या छातीत राहिली. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं. विमा कचेरीतल्या माणसाने कागद दोनदा वाचला आणि कायद्याची यादी पुढे सरकवली. बोट तुटलं तर ती कामावरची इजा. पाय मोडला तरी इजा. छातीत साठलेल्या धुळीचं नाव त्या यादीत नव्हतं, म्हणून घरी प्राणवायूचं यंत्र मिळणार नव्हतं. ओठ निळे पडले की नईमला गाडीत घालून झहलेच्या इस्पितळात न्यायचं, दोन दिवसांनी परत आणायचं, असं चाललं होतं. यादीत एक ओळ वाढायला हवी होती, ‘दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार’. मोजून पाच शब्द.

पाच शब्दांसाठी बाईने काय केलं नाही? चार गावांच्या सह्या आणल्या, त्यात पाद्रीबाबांची होती आणि शेखसाहेबांचीही. वर्तमानपत्रात नईमचा फोटो छापून आणला. कोर्टात गेली, तर न्यायाधीशाने मोठ्या सहानुभूतीने लिहिलं की कायदा इथे मुका आहे आणि त्याला बोलता करणं हे संसदेचं काम आहे. शेवटी एका तरुण खासदाराने विधेयक मांडलं तेव्हा ऐन हजलमध्ये बक्लावा वाटला गेला. विधेयक समितीकडे गेलं आणि तिथे जे बसलं ते सहा वर्षं बसलंच.

समितीत अकरा जण होते. बैठक दर गुरुवारी ठरे, पण भरायला निदान सहा लागत.

“आज किती?” वदाद दारातच विचारी.

“चार,” समितीचा कारकून मिखाईल सांगे. केस पिकलेला, निवृत्तीला टेकलेला माणूस. तिच्यासाठी एक खुर्ची तो बाजूला काढून ठेवी.

“बाकीचे खाणवाल्यांना सामील आहेत का, उस्ताज? विरोध आहे त्यांचा?”

“विरोध करणारा शहाणा नव्हे, सित वदाद. विरोध केला तर वहीत नाव येतं. न येणाऱ्याला कोण विचारतो? आणि खरं सांगू, अर्ध्यांना तुमचं विधेयक माहीतही नाही. आज बालबेकला मयत आहे, तिकडे गेलेत. कायदा कुणी केला हे लोक वर्षभरात विसरतात. आपल्या बापाच्या मयतीला कोण आलं नव्हतं हे नातवापर्यंत लक्षात ठेवतात.”

ती घरी येई तेव्हा नईम खिडकीशी दोन उशांना टेकून बसलेला असे.

“किती होते, ताई?”

“चार.”

“मागच्या वेळी तीन होते.” तो दम घेई. “घोडदौड चाललीय.”

त्याच्या विनोदांचा तिला राग येई. रागावून ती स्वयंपाकघरात जाई आणि मसूर निवडत बसे. कधी कधी तिला वाटे, पुरे झालं हे, पाय दुखतात. मग बाहेरून खोकला ऐकू येई आणि पुढचा गुरुवार ठरून जाई.

फेब्रुवारीत, घाटात बर्फ पडून रस्ता बंद होता त्या दिवशी, नईम गेला. गाडी इस्पितळापर्यंत पोचलीच नाही. वदादच्या मांडीवर डोकं होतं त्याचं.

चर्चच्या सभागृहात तीन दिवस लोक भेटायला आले. एका दालनात बायका, दुसऱ्यात पुरुष, मधलं दार उघडं. बिनसाखरेची कॉफी फिरत होती. मे महिन्यात निवडणूक होती आणि फोटो छापून आलेला नईम आता चार गावांचा झाला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी अंगणात काळ्या गाड्या लागल्या. वदाद मधल्या दारातून बघत राहिली. समितीचे अध्यक्ष शौकत बेक आले. मागोमाग दुसरे, तिसरे. ज्यांचे चेहरे तिने सहा वर्षांत फक्त भिंतीवरच्या फोटोंत पाहिले होते, तेही आले आणि पुढच्या रांगेत बसले. सगळ्यांमागे मिखाईल आला. त्याची नजर सवयीने डोकी मोजत त्या रांगेवरून फिरली आणि वदादवर येऊन थांबली. त्याने मान खाली घातली.

वदाद उठली आणि पुरुषांच्या दालनात गेली. तिथे बाईमाणूस कधी जात नसे. 

“शौकत बेक, तुम्हाला धरून सात जण आलात. सहाच लागतात.”

“देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, सित वदाद. आज हे बोलायचा दिवस नाही.”

“बोलायचा दिवस गुरुवार होता. तीनशे गुरुवार झाले. मी यायची, तुम्ही नसायचात. आज माझ्या भावाने तुम्हाला एका रांगेत बसवलं. त्याला त्यासाठी काय करावं लागलं ते बघताय ना?”

मागच्या बाकावर एक म्हातारा खाणकामगार खोकायला लागला तो थांबेचना. पाद्रीबाबा जमिनीकडे बघत होते. शौकत बेकांनी हातातला कप खाली ठेवला.

“या गुरुवारी बैठक घेऊ.”

“सगळ्यांनी म्हणा.”

सगळं गाव बघत होतं. एकेक जण हो म्हणाला. एकाने जरा चाचरत सांगितलं की गुरुवारी त्याला त्रिपोलीत एका मयतीला जायचं आहे.

“जा बाबा, जा,” बायकांच्या दालनातून कुणी म्हातारी म्हणाली. “त्या बिचाऱ्यांचाही कायदा अडला असेल.”

तोही हो म्हणाला.

त्या गुरुवारी वदाद बैरूतला गेली नाही. मशीनवर बसली, पण सुईत दोरा ओवला जाईना. दुपारी मिखाईलचा फोन आला.

“झालं, सित वदाद. सातही आले. एकमताने झालं.”

“कुणी आडवं बोललं?”

“कुणीच नाही. आडवं येण्यासारखं कुणाकडे काही नव्हतंच.”

“किती वेळ लागला?”

“अकरा मिनिटं,” तो म्हणाला. “त्यातली पाच कॉफी यायला लागली.”

मयतीत तीन दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली बाई त्या अकरा मिनिटांपायी रडली. तिला आनंद झाला नाही, नुसती चीड आली, आणि चीड आणायलाही आता अंगात त्राण नव्हतं.

“आता पुढे काय?” तिने नाक पुसून विचारलं.

“आता संसदेच्या मोठ्या सभागृहात जाईल. तिथे पासष्ट जण हजर लागतात.”

“पासष्ट,” वदाद म्हणाली. “आमच्या गावात तेवढी माणसं मरायला उरली नाहीत, उस्ताज.”