दुसऱ्या मजल्यावरचं भांडण

काळाचौकीच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध आहेत. बाजारातून आल्या की पहिल्या मजल्यावर चपलांच्या पसाऱ्यावरून कुणाला तरी बोलतात आणि दुसऱ्यावर मला. पिशवी पायाशी, हात कठड्यावर. बोलताना दर दोन शब्दांनी थांबतात. ती त्यांची ढब असावी, असं मला वाटायचं. कामं खोळंबलेली असायची, म्हणून मी दार लोटून घ्यायचे.

गेल्या रविवारी त्यांचा मुलगा आला होता. जिना झेपेनासा झाला की त्याच्याकडे डोंबिवलीला, लिफ्टच्या घरात जायचं, असं त्यांचं ठरलंय. काकूंना चाळ सोडायची नाही. तो त्यांची पावलं निरखत मागून चढत होता. माझ्या दाराशी काकू थांबल्या.

"काय गो, काल तुझा टीव्ही... केवढा मोठा!"

माझा टीव्ही दिवाळीपासून बंद पडलाय. पण काकूंची धाप मला ऐकू येत होती.

"माझ्या घरात मी हवा तेवढा मोठा लावीन," मी म्हटलं.

"वर तोंड... करतेस?"

"आई, सोड ना. चल."

"थांब रे! हिचं... ऐकून घेते."

मी ऐकवत राहिले. कठड्यावरची त्यांची मूठ सैल झाल्यावरच गप्प बसले.