हिलाल वायरमनच्या तीन पेट्या

पारोळ्याकडच्या हिलालचा विजेवर काडीचाही विश्वास नव्हता, आणि म्हणूनच तो चांगला वायरमन होता. सुरतेजवळ उधन्याच्या लूमखात्यात, यंत्रमागांमध्ये, अकरा वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळतंच की, हवेत तंतू उडत असतात आणि ठिणगीला तेवढं निमित्त पुरतं. तिथला कायदा सोपा होता: ज्यात करंट, ते लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप, आणि किल्ली वायरमनच्या करगोट्याला.

पुढे तो इच्छापोरच्या एका धाग्याच्या गोदामात कंत्राटावर लागला. पाच वर्षं दर महिन्याला नव्या शिक्क्याचा कागदी पास. एकोणीसशे नव्याण्णवच्या डिसेंबरात कंपनीने हातात धरायची यंत्रं आणली. खोक्यावरची पट्टी यंत्राला दाखवली की आकडा हवेतून थेट केबिनमधल्या कॉम्प्युटरवर. मध्ये आकडा झेलायला तीन डबे, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट, तीन खांबांवर. प्रत्येकाची केबल केबिनमधल्या छोट्या राउटरला. राउटरला भोकं चार, चौथं कॉम्प्युटरचं.

स्टोअरकीपर छगनभाईंनी निरोप दिला तो असा: "हिलालभाई, सोमवारनी पहिली ट्रक आ मशीनवर भरली, तर तुमचं नाव कायम यादीत. नाहीतर मशीन परत, ने तुमचा पासही परत."

पुण्याहून आलेल्या प्रशांत नावाच्या इंजिनियरने शुक्रवारी टेबलावर सगळं जोडलं, प्रत्येक डब्याला वेगळा नंबर दिला, यंत्र टीं टीं वाजलं. "आता फक्त वर चढवा, हिलालभाऊ," तो म्हणाला. शिडी हा आपला विषय नाही, असं त्याने पदवी घेतानाच ठरवलं असावं.

हिलालने शनिवारी चढवले. प्रशांतसाहेबाला कळू न देता ओळखीच्या वेल्डरकडून तीन लोखंडी पेट्या करून घेतल्या, रंग दिला, डबे आत बसवले, कुलपं लावली. देखणं काम होतं.

रविवारी सकाळी गोदामात एकही यंत्र वाजेना.

राउटरवरचे तिन्ही डब्यांचे दिवे हिरवेगार. प्रशांतने केबल बदलल्या, राउटर बंद करून चालू केला, मुंबईला दोन फोन केले. दुपारी तो खुर्चीत मागे रेलला. "मालच खराब आलाय. परत पाठवू."

छगनभाईंनी हिलालकडे पाहिलं. त्या नजरेत कागदी पासाची उरलेली मुदत वाचता येत होती.

"एक डाव केबलचं टोक पाहतो, साहेब," हिलाल म्हणाला आणि यंत्र गळ्यात अडकवून दोन नंबरच्या खांबावर चढला. कुलूप काढलं, दार उघडलं. छातीवर यंत्र बोललं: टीं. टोक घट्ट होतं. दार लावलं. यंत्र मुकं. उघडलं: टीं. लावलं: काही नाही.

तो शिडीवर तसाच उभा राहिला. पेट्या गुपचूप उतरवल्या असत्या, तर माल आपोआप सुधारला, असं दोघांनीही आनंदाने मानलं असतं. चूक लपवायला वीस फूट उंची पुरेशी होती. पण करंटशी खोटं बोलणारा माणूस फार दिवस वायरमन राहत नाही, हे त्याने उधन्यात पाहिलं होतं.

"साहेब, माल बरोबर आहे. मीच त्याला कोंडलाय."

प्रशांत पहिल्यांदा खांबाखाली आला. मान वर करून पाहत राहिला. "कुलूपसुद्धा?"

"किल्ली माझ्याकडेच आहे, साहेब."

छगनभाईंना हसू आवरेना. "आ तो तिजोरी छे! हवेला जेलमध्ये टाकली!" मग गंभीर होऊन म्हणाले, "पण उघडं नहीं चालणार. धूळ, तंतू, बधुं अंदर जशे."

"लोखंड नको," प्रशांत म्हणाला. "बाकी काहीही."

हिलालची बायको भागीरथी घरी साड्यांना लेस लावायची. संध्याकाळी नवऱ्याने कोऱ्या पातळ कापडाच्या तीन खोळी मागितल्या, वारा जाईल अशा. तिने शिवल्या, काठाला सोनेरी लेसही लावली.

"अगं, खांबावर टांगायच्या आहेत."

"मना हातना कपडा बिगर लेसना जावाव नही," ती म्हणाली. विषय संपला.

सोमवारी साडेदहाला ट्रक लागला. गोदामाच्या पार टोकाला, धाग्याच्या थप्पीमागे उभं राहून हिलालने पहिलं खोकं यंत्राला दाखवलं. टीं. केबिनमधून छगनभाई ओरडले, "आव्यो!" दुपारी दोनपर्यंत चारशे खोकी चढली, एकही आकडा हवेत हरवला नाही. खांबांवर तीन नवऱ्या मुली बसल्यासारख्या दिसत होत्या. मॅनेजर साहेबांनी वर पाहिलं, काही विचारावं असं त्यांना वाटलं, पण ट्रक वेळेवर सुटत होता, म्हणून विचारलं नाही.

प्रशांतने अहवालात लिहिलं: "आवरण कापडी, स्थानिक बनावटीचं. लोखंडी टाळावं." चूक कोणाची, तो रकाना त्याने मोकळा ठेवला.

छगनभाईंनी कायम नोकरीचा फॉर्म काढला. हुद्द्याच्या ओळीवर पेन थांबलं.

"नेटवर्क असिस्टंट लिहा," प्रशांत म्हणाला.

हिलालने क्षणभर विचार केला. "लिहा, साहेब. पण खाली बारीक अक्षरात वायरमनही लिहा. गावाकडे दाखवायचा आहे."