टोचन लावायचं नाही

त्या वर्षी आमची वर्कशॉप उत्तरेत, डोंगरातल्या एका नदीकाठी होती. मी तेव्हा ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, हवालदार होतो, व्हेइकल मेकॅनिक. काम रिकव्हरीचं. सिव्हिलवाल्यांसाठी सांगतो, रिकव्हरी म्हणजे रस्त्यात बंद पडलेली, घसरलेली, दबलेली फौजी गाडी टोचन लावून, म्हणजे दुसऱ्या गाडीला बांधून ओढत, परत आणायची. सोबत क्रेनची मोठी गाडी, जाड तार, लोखंडी बार. आणि जिथे उभं राहायला जागा नाही तिथे उभं राहायची सवय.

त्याच ठिकाणी लान्स नाईक रवींद्र ढोले ड्रायव्हर होता. तिवसा तालुक्यातला. मी अकोल्याचा. पहिल्याच दिवशी लंगरमध्ये तो वाढणाऱ्यावर खेकसला, "अबे, भाजीत तिखट टाकलं का नुसता रंग टाकला?" मी मागे वळून विचारलं, "कुठचा बे तू?" तेव्हापासून तो मला उस्ताद म्हणायला लागला आणि रोज माझं डोकं खायला लागला.

फौजेत सकाळी गाडीची फर्स्ट परेड असते. ऑइल बघा, पाणी बघा, टायर बघा, मग इंजिन चालू करून ऐका. बाकीचे ड्रायव्हर उरकून टाकायचे. रवी चालू इंजिनाच्या बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहायचा.

"उस्ताद, एक सिलिंडर कुरकुर करून राह्यला."

"तुह्या डोक्यात कुरकुर हाये. जाय, चहा पे."

मग तो गेला की मी गुपचूप उघडून बघायचो. बहुतेक वेळा तो खरा निघायचा. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

त्या सकाळी रेशनचा कॉन्व्हॉय वर निघाला. रवीची गाडी सगळ्यात पुढे. आधी पाऊस होऊन गेला होता, पण ऊन पडलं होतं आणि रस्ता खुला होता. मी तार गुंडाळत होतो तेव्हा वायरलेस सेट बोलला.

"रिकव्हरी, कंट्रोल. ओव्हर."

"रिकव्हरी. सेंड."

"स्लाइड. लीड व्हेइकल हिट. ड्रायव्हर आत. मूव्ह."

"रॉजर. मूव्हिंग. आउट."

लीड व्हेइकलचा ड्रायव्हर कोण, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मागच्या सगळ्या गाड्या शाबूत होत्या. दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने काय झालं ते सांगितलं. वरून दगड सुटले ते रवीला दिसले. ॲक्सिलरेटर दाबून तो पुढे निघून गेला असता. पण मागची गाडी वळणाआड होती, तिला काही दिसत नव्हतं. त्याने ब्रेक मारला, गाडी रस्त्यात आडवी घातली आणि हॉर्न दाबून धरला. मागचे थांबले. मग दरड आली.

कॅब चेपली होती. नर्सिंग असिस्टंटने फटीतून हात घालून नाडी पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. पत्रा कापायला हवा होता, पण वरून अजून दगड येत होते. कॅप्टनसाहेब म्हणाले, "इथे नाही कापायचं. आधी बाहेर ओढा." मी तार लावली. मोकळ्या वळणापर्यंत ती गाडी मी ओढत नेली, रवीला आत ठेवून. तिथे कापलं.

पुढच्या रजेत त्याच्या गावी गेलो. त्याची माय ओसरीवर बसली होती. मला पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "तुमी होते तिथं?"

"होतो, माय."

"कसं आणलं त्याले?"

गोड काहीतरी सांगता आलं असतं. त्या बाईसमोर माझी जीभच वळेना. मी म्हणालो, "गाडीले टोचन लावून आणलं. थो आत होता."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "माह्या लेकराले ओढत आणलं." त्यात आरोप नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं.

रवीने एका सुटीत जुनी पांढरी पेट्रोल गाडी घेतली होती. ती आता त्याच्या बायकोकडे, वनिताकडे असते. वनिता अकोल्यात शाळेत शिकवते. दरवर्षी दसऱ्याला ती गाडी घेऊन सासरी जाते आणि माय दाराशी गाडीची पूजा करते. एका वर्षी गाडी अमरावतीत बंद पडली, तेव्हा कुणीतरी सुचवलं की ट्रॅक्टरला बांधून आणू. मायने निरोप पाठवला, "रव्याची गाडी आपल्या पायानं येईन तं येऊ द्या. ओढत आणान तं माह्या दाराशी आणू नोका." त्या दसऱ्याला गाडी गेलीच नाही.

यंदा माय अंथरुणाला खिळली. डोळे आधीच गेलेले. अमरावतीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते समजायचं. वनिताचा फोन आला.

"भाऊ, माय म्हणते, गाडी पाह्यची हाये. दिसत तं काई नाई तिले, पण पाह्यची म्हणते. तुमी येता का संगं?"

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली आहेत. गुडघे कटकट करतात. पण टूलबॉक्स अजून फर्स्ट परेडच्या शिस्तीत लावलेला असतो. म्हटलं, येतो.

दसऱ्याच्या सकाळी मी वनिताच्या दाराशी पोचलो तर गाडी नव्या नवरीसारखी चमकत होती. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं-अवजारं, गाड्या धुऊन पुजायची रीत. त्यासाठी तिचा भाऊ विजय बाळापूरहून आला होता. कापूसवाला शेतकरी, मनाने सोन्यासारखा, हाताने धसमुसळा. कपाशीवर फवारणी करायचा बॅटरीचा पंप घेऊन त्याने गाडी आतून-बाहेरून धुतली होती. आतून म्हणजे बॉनेट उघडून, इंजिनावर फवारा मारून.

"पाहा सुभेदारसाहेब, इंजिनात तोंड दिसते का नाई?"

वनिताने चावी फिरवली. गाडी थरथरली, खोकली आणि लंगडत चालू राहिली. मिसिंग. विजयचं तोंड उतरलं.

"काल धुतल्यावर चालू करून पाह्यली होती का?"

"नाई ना बाप्पा. पूजेची गाडी, कावून चालू करू?"

मी कपाळावर हात मारला. या गाडीत प्रत्येक प्लग खोल खड्ड्यात बसतो, विहिरीच्या तळाशी बसावा तसा. वर कॉइल आणि कॉइलपासून प्लगपर्यंत लांब रबरी टोपी. फवारा जोरात मारला की पाणी त्या खड्ड्यात उतरतं आणि तिथेच बसतं. प्लगला जायची वीज त्या पाण्यातून इंजिनाच्या अंगाला पळते. मग त्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नाही.

चारही कॉइल काढल्या. तिसऱ्या खड्ड्यात पाणी साठलेलंच होतं. फडक्याने टिपलं, विजयच्या टायरच्या पंपाने हवा मारली, पुन्हा बसवलं. गाडी एकसारखी चालायला लागली. वनिता स्टिअरिंगवर, मी शेजारी, विजय त्याच्या पिकअपमध्ये मागे, असे निघालो. मला वाटलं, झालं काम. जरा घाईच केली मी वाटून घ्यायची.

मूर्तिजापूर मागे टाकलं. पुढे एका चढावर वनिताने ट्रकला ओव्हरटेक करायला गाडी दाबली आणि इंजिनाने झटके द्यायला सुरुवात केली. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागला.

"पाय काढ. घे बाजूला."

एका निंबाखाली थांबलो. आता उभ्या गाडीलाही मिसिंग होतं. दिवा लुकलुकत असताना तशीच रेटली असती, तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन आतला महागडा भाग भाजून निघाला असता. विजय मागून आला. त्याच्या हातात दोर होताच.

"साहेब, टोचन लावू. गावाच्या अलीकडे सोडून देऊ अन् तिथून ढकलत दाराशी नेऊ. मायले कुठं दिसते?"

वनिता गाडीतून उतरली. तिने आवाज चढवला नाही.

"दादा, तिले दिसत नाई. मले दिसते."

विजयने दोर मागच्या मागे लपवला. मी म्हणालो, "टोचन लावायचं नाही. ही गाडी चालत जाईल. सांजेच्या सोन्याआधी जाईल. आता मले काम करू दे."

चालू इंजिनावर एकेक कॉइलचा वायरचा कनेक्टर काढून पाहिला. पहिला काढला, इंजिन आणखी लंगडलं, म्हणजे तो सिलिंडर काम करतो. दुसरा, तेच. चौथा, तेच. तिसरा काढला तर काहीच फरक नाही. तिसराच मेलेला. पण मेला कशाने? प्लग, कॉइल की वायर? अंदाजाने सामान बदलणारा मेकॅनिक मला चालत नाही. इंजिन बंद करून तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवली. चालू केलं. आता दुसरा मेला आणि तिसरा जिवंत झाला. म्हणजे प्लग बरा, वायर बरी. रोग कॉइलसोबत फिरत होता.

कॉइल पुन्हा बाहेर काढली, तिची रबरी टोपी ओढून वेगळी केली आणि उन्हात धरली. आत बोट फिरवलं. चिकट. टोपीच्या आतून वरपासून खालपर्यंत एक गुलाबी ओघळ गेला होता. मी बोटाचा वास घेतला.

"विजय, इकडं ये. पूजा कुठं केली काल?"

"कुठं म्हणजे? बॉनेट उघडून केली. खरा देव तं इंजिनच ना."

"कुंकू?"

"वाह्यलं ना आत."

"नारळाचं पाणी?"

विजय हळूच म्हणाला, "थेई आतच. मनोभावे टाकलं, साहेब."

वनिताला हसू आलं. मग मलाही आलं. असा रोग मी लडाखपासून राजस्थानपर्यंत पाहिला नव्हता. साधं पाणी मी सकाळीच टिपलं होतं. पण नारळाच्या पाण्यात साखर असते, क्षार असतात. पाणी उडून जातं, हे थर मागे राहतात आणि विजेला पायवाट मिळते. हळू चालवलं तर भागतं. चढावर जोर लागला की वीज ती सोपी वाट धरते.

विजयने पिकअपमधून पेट्रोल भिजवलेलं फडकं आणलं. म्हटलं, "ठेव थे. साखर कुठं पेट्रोलात विरघळते का? पिण्याचं पाणी आण."

"पुन्हा पाणीच? सकाळपासून तं पाण्याच्याच नावानं शिव्या देऊन राह्यले मले!"

"आण बे!"

टोपी उन्हाने कोमट झालेल्या पाण्याने आतून धुतली, फडक्याने घासली, पुन्हा धुतली. मला धास्ती एकच होती. वीज त्या ओघळावरून फार वेळ पळाली असती, तर रबर आत जळून काळी रेघ पडली असती आणि टोपीच फेकावी लागली असती. दसऱ्याच्या दिवशी मूर्तिजापूरच्या पुढे ती कोण देणार? डाग निघाला. रबर शाबूत होतं. तिसरा प्लग खोलला, त्याची पांढरी चिनीमाती ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्या. बाकीच्या टोप्याही उघडून पाहिल्या, त्या कोरड्या निघाल्या. धुतलेली टोपी उन्हात तापलेल्या बॉनेटच्या कडेला वाळत ठेवली. आता घाई केली असती तर सकाळचीच चूक पुन्हा झाली असती, म्हणून बसलो.

वनिता माझ्या शेजारी दगडावर बसली. इतक्या वर्षांत तिने मला एकदाही विचारलं नव्हतं. आज विचारलं.

"भाऊ, त्याईले त्रास झाला का हो?"

"नाही. लगेच झालं."

"अन् हॉर्न? फौजेच्या पत्रात हॉर्नचं लिव्हलं होतं."

"मागचा ड्रायव्हर म्हणाला, दरड खाली येईपर्यंत हॉर्न वाजत होता. हात काढला नाही त्यानं."

तिने डोळे पुसले आणि उठून टोपी हाताने चाचपली. "वाळली, भाऊ."

मी आतून पाहिली, बोट फिरवलं. कोरडी ठणठणीत. सगळं बसवलं, बोल्ट आवळले. "कर चालू."

इंजिन एका आवाजात चालायला लागलं. तरी मी भरवसा ठेवला नाही. त्याच चढावर गाडी परत नेऊन दाबायला लावली. एकही झटका नाही. दिवाही परत लागला नाही. मग बडनेरा, अमरावती, तिवसा. सगळ्या रस्त्यात मी फक्त इंजिन ऐकत होतो.

गावात शिरलो तेव्हा मुलं आपट्याची पानं घेऊन घरोघर निघाली होती. दाराशी येऊन वनिताने हॉर्न दिला. छोटा नाही, लांब. दाबून धरला.

विजयने मायला उचलून बाहेर खुर्चीत आणून बसवलं. ती वाळून मूठभर झाली होती. तिने हात पुढे केला, वनिताने तो धरून बॉनेटवर ठेवला. इंजिन चालूच होतं. मायने तळहात सपाट टेकवला आणि मान जराशी कलती केली. रवी उभा राहायचा तसा. हे त्याने कुठून उचललं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

"नाई कुरकुरत," ती म्हणाली.

"नाही, माय."

"ओढत नाई आणली ना?"

"नाही. आपल्या पायानं आली."

विजय नारळ घेऊन पुढे सरसावला. मी म्हणालो, "चाकापुढं फोड. बॉनेट उघडशील तं तुलेच टोचन लावीन." माय हसली. दात नव्हते, पण हसली.

मग तिने सगळ्यांना सोनं दिलं. मला एक पान, वनिताला, विजयला. एक पान तिच्या मुठीत उरलं. चाचपडत चाचपडत तिने ते वायपरखाली सरकवलं. लान्स नाईक रवींद्र ढोलेचं.

वनिताने वाकून विचारलं, "माय, बंद करू का आता?"

"राहू दे," माय म्हणाली. "चालू राहू दे थोडी."