बागायतदाराच्या लेकीचं लग्न

आठवीत असताना मला कापसाचा बागायतदार मिळाला. टीचरने चिठ्ठ्या टाकून विषय वाटले. मैत्रिणींना राण्या आणि समुद्री चाचे मिळाले, आणि माझ्या नशिबी अमेरिकेच्या दक्षिणेतला, गुलामगिरीच्या काळातला एक श्रीमंत म्हातारा आला. त्याचं आयुष्य चार्टपेपरवर मांडायचं होतं. आम्ही राहायचो त्या आखातातल्या रुवैसमध्ये नव्वदच्या दशकात वाळू, वारा आणि रिफायनरी सोडून बघण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे माझ्याहून बाबाच त्या प्रोजेक्टमध्ये जास्त रमले.

बाबा रिफायनरीला कामगार पुरवणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे नोकरीला होते. कॅम्पमधले सगळे कामगार त्यांच्या हाताखाली. "माझी माणसं" म्हणायचे ते. पुण्याहून पाहुणे आले की कौतुकाने सांगायचे, माझ्या माणसांना दर शुक्रवारी चिकन असतं, माझ्या माणसांच्या खोल्यांना एसी आहे. ते खरंच होतं. त्या माणसांचे पासपोर्ट बाबांच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात असायचे आणि किल्ली बाबांच्या खिशात, हेही खरं होतं. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. तशी पद्धतच होती.

त्यांच्यातले एक फिटर नांदेडकडचे होते. आपल्या भाषेतला माणूस म्हणून आई त्यांना शुक्रवारी जेवायला बोलवायची. मी त्यांना काका म्हणायचे. त्या वर्षी काकांच्या मुलीचं लग्न ठरलं, तारीखही धरली, आणि नेमकं तेव्हाच शटडाउन आलं. शटडाउन म्हणजे प्लांट बंद ठेवून रात्रंदिवस दुरुस्ती. तेवढे दिवस सगळ्यांच्या रजा रद्द. वरणभात संपला की काका हळूच विषय काढायचे.

"साहेब, तेवढं माझ्या पासपोर्टचं..."

"इन्शाल्ला, बघू. हेड ऑफिसला बोलतो."

तिथे राहून मला एवढं कळलं होतं. दुसरं कोणी इन्शाल्ला म्हणालं तर काम होण्याची थोडीफार आशा असायची. माझे बाबा म्हणाले की खलास.

लायब्ररीच्या पुस्तकातला बागायतदार मात्र मजेत होता. सकाळी घोड्यावरून शेताला एक चक्कर, मग पांढऱ्या खांबांच्या घरात भरपेट नाश्ता, दुपारी कापसाच्या व्यापाऱ्यांना पत्रं, संध्याकाळी पाहुणे आणि चांदीची भांडी. मुलींना पियानो शिकवायला मास्तर ठेवलेला. चाबूक तो स्वतः हातात धरत नसे. त्यासाठी पगारी माणूस होता. आणि स्वतःबद्दल त्याचं मत फारच चांगलं होतं. आपण आपल्या माणसांचे बापच आहोत, असं तो पाहुण्यांना सांगायचा.

"बाबा, व्हॉट्स ॲन ओव्हरसीअर?" मी विचारलं.

"मुकादम," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"म्हणजे मीच की!" बाबा हसले, आणि आम्हीही हसलो.

"ॲन्ड हिज पीपल? कुड दे गो होम?"

"अगं, त्यांना विकत घेतलेलं. कसलं घर आणि कसलं काय! आमच्याकडे तसं नाही हं. आमची माणसं आपणहून येतात, पगार घेतात."

मी त्यांना आमच्याबद्दल विचारलंच नव्हतं.

चार्टवर मी औषधांच्या डब्यातला कापूस चिकटवून शेत केलं. घराच्या हिरवळीवर बागायतदाराच्या मुलीचं लग्न रंगवलं, कारण मला झालरीचे झगे काढायला आवडायचे. शुक्रवारी काका हात धुऊन आले आणि चार्टपाशी थांबले.

"हे कुणाचं घर, ताई?"

"अमेरिकेतल्या एका बागायतदाराचं."

"अन् हे लगीन?"

"त्याच्या मुलीचं."

"तो कुठाय?"

मी नवरीशेजारचा पांढऱ्या कोटातला माणूस दाखवला.

"हां. बाप पायजे शेजारी," काका म्हणाले आणि पानावर बसले. त्या दिवशी त्यांनी पासपोर्टचा विषय काढला नाही. बाबाही मान खाली घालून जेवत राहिले. मला बाबांचा इतका राग आला की मी ताटावरून उठले.

काकांच्या मुलीचं लग्न दुपारचं होतं. बाबांनी काकांना एवढीच सवलत दिली, की साइटवरून आपल्या गाडीने घरी आणलं, आमच्या फोनवर लग्न ऐकायला. काका कामाच्या कपड्यांतच आले, बूट दाराबाहेर काढून. तिकडे नांदेडला कार्यालयाच्या ऑफिसात त्यांच्या भाच्याने रिसीव्हर लाउडस्पीकरकडे धरला होता. आईने आमचा फोन स्पीकरवर टाकला. आधी नुसती खरखर, मग मंगलाष्टकं. एरवी आमच्या घरात प्रत्येक दिरहमचे रुपये करून बोलून दाखवले जायचे. त्या दिवशी कोणी हिशोब केला नाही.

आईने घाईघाईने तांदळाला कुंकू लावलं आणि सगळ्यांच्या हातात मूठ मूठ अक्षता दिल्या. काका फोनसमोर ताठ उभे राहिले. "शुभमंगल सावधान" ऐकू आलं आणि त्यांनी फोनवर अक्षता टाकल्या. प्रत्येक वेळी जपून, थोड्या थोड्या. आई आणि मीही टाकत राहिलो. मग बँड वाजायला लागला आणि लाइन तुटली.

"झालं," काका म्हणाले, आणि खाली बसून गालिच्यावरचे तांदूळ वेचायला लागले.

"राहू द्या हो," आई रडत म्हणाली.

"नको वहिनी, पायाखाली येतील."

बाबांची मूठ अजून मिटलेली होती. त्यांनी अक्षता टाकल्याच नव्हत्या.

चार्टला ए मिळाला. मला तो हॉलमध्ये लावायचा होता, बाबांनी लावू दिला नाही. पुढे पुण्याहून कोणी पाहुणे आले आणि सवयीने विचारलं, "काय, तुमची माणसं काय म्हणतात?"

"माझी कुठली? कंपनीची आहेत," बाबा म्हणाले.

कपाटाची किल्ली मात्र त्यांच्याच खिशात राहिली.